रंजनीची डावी बाजू

रंजनी अंबत्तूरच्या एका कारखान्यात तपासनीस होती. पंपाचे सुटे भाग मापून बघायचे, केसाएवढा फरक निघाला तरी बाजूला टाकायचे, हे तिचं काम. २००६च्या ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली. बाळंतपण सरळ झालं, चौथ्या दिवशी ती घरी आली.

आठव्या दिवशी सकाळी पाजताना तिचं डोकं एकाएकी असं ठणकलं, की बाळ कसंबसं सासूबाईंच्या, तुळसीबाईंच्या, हातात देऊन ती आडवी झाली. तुळसीबाईंनी सुंठेचा लेप घातला. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनी फोनवर जागरणाचं कारण सांगून गोळी सुचवली. दोन दिवस कळ येत-जात राहिली. तिसऱ्या दिवशी रंजनी जेवून उठली, तर ताटात डावीकडचं सगळं तसंच.

"हा भात नको का गे?" तुळसीबाईंनी विचारलं.

"कुठला भात?"

तुळसीबाईंनी ताट फिरवलं, तेव्हा तिला तो दिसला. मग त्यांनी कोणाचंच ऐकलं नाही. मुलाला, प्राणेशला, ऑफिसातून बोलावून घेतलं आणि रिक्षाने सुनेला मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या जागोजाग आवळलेल्या दिसल्या. बाळंतपणानंतर क्वचित असं होतं, तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वाहिन्यांना सूज आहे की नुसत्या आखडल्यात, हे आज सांगता येणार नाही.

"मी तपासणीचं काम करते. नजर परत येईल?" रंजनीने विचारलं.

"डोळे चांगले आहेत. दिसलेलं समजून घेणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागाला रक्त कमी पडलं. थांबून बघू."

सूज असलीच तर, म्हणून स्टेरॉइड सुरू झालं. अंगावरचं दूध काही दिवस बंद ठेवलं. बाळाला तुळसीबाई पालाडैने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, दूध पाजायच्या. छाती दगडासारखी व्हायची, आणि रंजनी भिंतीकडे तोंड करून रडायची.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा वाहिन्या मोकळ्या होत्या. म्हणजे टिकून राहणारी सूज नव्हती, आखडणंच होतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि औषधं थांबवली. नजर बरीच परतली. डावीकडे वरचा एक तुकडा मात्र गेला तो गेलाच.

कारखान्यात तिने आपण होऊन साहेबांना ते सांगितलं. महिनाभर तिने तपासलेला प्रत्येक भाग दुसऱ्याने पुन्हा मापला. एकही चूक निघाली नाही. स्कूटी तिने सोडली, बसने जाऊ लागली. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे मान पूर्ण वळवते, मगच पाऊल टाकते.