बंद पडलेल्या शाखेची सिस्टर

आमची शाखा बंद पडली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. शाखा म्हणजे सॉरॉरिटीची. मुलींनी शपथ घेऊन जन्मभराच्या 'सिस्टर' व्हायचं आणि एका घरात राहायचं. आईच्या भाषेत, 'तुमचं ते रोजचं हळदीकुंकू'. मुली कमी पडल्या, वरून पत्र आलं आणि कारभार आटोपला. बाकीच्या पांगल्या. मी मात्र पुढे कित्येक वर्षं शॉमबर्गच्या माझ्या घरून माजी सिस्टर्सच्या प्रत्येक बैठकीला जात राहिले, बर्फ पडत असला तरी, बटाटेवडे घेऊन. म्हाताऱ्या सिस्टर्स माझी निष्ठा बघून गहिवरायच्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्याला कारण होतं. त्या शेवटच्या वर्षी आमच्याकडे सिस्टर व्हायला एक मराठी मुलगी आली होती. ओळखीच्या मावशींची थोरली. गणपतीत 'ताई, ताई' करत माझ्यामागे फिरणारी. आमच्यात मतदान गुप्त असे. पेटीत पांढरी गोटी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार, आणि एक जरी काळी निघाली तरी मुलगी बाद. मी काळी टाकली. तिने माझं काहीच बिघडवलं नव्हतं. त्या घरात मी एकटीच भारतीय होते, सगळ्यांची लाडकी. तिच्या तेल लावलेल्या वेणीशेजारी मीही तशीच दिसेन, याची मला धास्ती वाटली. इतकी कोत्या मनाची होते मी. ती आली असती म्हणून शाखा तगली असती असं नाही, पण शपथेला जागायचं सोंग मी तेव्हापासून करत होते.

एका उन्हाळ्यात त्या मावशी घरी आल्या. "धाकटी दुसऱ्या युनिव्हर्सिटीत चाललीये," त्या म्हणाल्या. "तिथे तुमचीच सॉरॉरिटी आहे. जुन्या मेंबरचं रेकमेंडेशन लागतं म्हणे."

मी लगेच टाइपरायटर काढला आणि पानभर कौतुक केलं. सही करताना वाटलं, आता सांगून टाकावं.

"मावशी, थोरलीच्या वेळी मी..."

"अगं, तू कशाला वाईट वाटून घेतेस?" मावशींनी माझा हात धरला. "खूप रडली तेव्हा ती. पण मला म्हणाली, आई, एक व्होट तरी नक्की माझ्या बाजूने पडलं असणार. ताई होती ना तिथे."

मी "हो" म्हणाले.