भिजवलेले हरभरे

बाळांनो, इथे आखातात, रिफा गावातल्या एका तबेल्यात घोड्यांची देखभाल करणारा साताऱ्याकडचा एक माणूस दर शुक्रवारी माझ्या कुंड्यांसाठी खत आणून देतो. बदल्यात मी त्याच्या घोड्यासाठी हरभरे भिजवून ठेवायचे. घोड्याला तो पोरगं म्हणायचा आणि कधी आत यायचा नाही. "यल्ला आजी, निघतो, पोरगं वाट बघतंय," म्हणत दारातूनच परतायचा.

त्याच्याच आग्रहाने मी आयुष्यात पहिल्यांदा घोड्यांची शर्यत पाहायला गेले. तो मात्र मैदानाकडे पाठ करून उभा होता.

"अरे, बघत का नाहीस?"

"म्या बगितलं की पोरगं पळायचं सोडून मलाच हुडकतंय."

शेवटच्या वळणावर लोकांचा गलका एकदम थांबला, तेव्हा तो वळला. त्याच्याच घोड्याचा पाय मोडला होता. माणसांनी हिरवा पडदा धरला आणि डॉक्टरांनी पडद्याआड घोड्याला शेवटचं इंजेक्शन दिलं. हा रिकामा लगाम घेऊन परतला.

पुढच्या शुक्रवारी मी सवयीने हरभरे भिजवून बसले होते. तो खत घेऊन आला. वाटी पुढे करावी की नाही, मला कळेना. त्यानेच ती उचलली आणि दारात उभा राहून एकेक हरभरा चावत राहिला. त्या दिवशी त्याला परतायची घाई नव्हती.