देवीवाचून चौक

भिंत दिसली की चौकाची आजी आधी तिला हात लावायची. आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा तळहात सपाट ठेवायची, जरा वेळ थांबायची आणि मग निकाल द्यायची. आमच्या कॉलनीतल्या हॉलच्या भिंतीला पहिल्यांदा हात लावला तेव्हा तिने तोंड वाकडं केलं. "ही पीत नाय," ती म्हणाली. सिमेंटच्या भिंतीत पाणी मुरत नाही, रंग धरत नाही, हे तिचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत टिकलं. त्या भिंतीवर तिने किती लग्नांचे चौक काढले, पण तिच्याशी तिचं कधी जमलं नाही.

मोहोपाड्याच्या बाजूला कारखाने उभे राहिले त्या वर्षांत आमची कॉलनी वसली. सगळी घरं एकासारखी एक, आणि आत राहायला आलेली माणसं मात्र साताऱ्याची, रत्नागिरीची, पार केरळातली. आम्ही त्यातल्या त्यात जवळचे, खालापूरच्या पुढच्या गावातले. बायका एकमेकींना नवऱ्याच्या खात्यावरून ओळखायच्या: बॉयलरवाल्यांच्या बाई, स्टोअरवाल्यांच्या बाई. कोणाच्या घरात काय शिजतं हे वासावरून कळायचं, विचारायला कोणी जायचं नाही. मध्ये एक हॉल बांधलेला होता, त्याला एक लांबलचक पांढरी भिंत होती, आणि त्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. आमचं सगळ्यांचं मिळून एवढंच.

आजी ठाकर आदिवासींतली. डोंगराखालच्या वाडीतून ती करवंदं, रानभाजी असं काही घेऊन कॉलनीत यायची. हॉलमधलं पहिलं लग्न स्टोअरवाल्यांच्या मुलीचं होतं. मांडवाची तयारी चालली होती, तेव्हा आजी टोपली घेऊन दारात उभी राहिली आणि आत बघून सरळ म्हणाली, "भिंत उघडी ठेवून पोर देता व्हय गं?" स्टोअरवाल्यांच्या बाईंचं माहेर, सासर सगळं घाटावर राहिलेलं. या कामाला नणंद नाही, त्या कामाला जाऊ नाही. त्या आधीच कातावल्या होत्या, त्यात हे ऐकून त्यांना रडूच फुटलं. आजी टोपली तिथेच टाकून आत आली.

ठाकरांच्या लग्नात भिंतीवर चौक काढतात. आधी शेणमातीचा हात, त्यावर गेरू, आणि मग टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने, पिठाच्या पाण्यात बुडवून चित्र. मोठा चौकोन, मधोमध देवी, भोवती नाचणारी माणसं, झाडं, कोंबड्या. पीठ ज्या घरचं लग्न त्याच घरच्या तांदळाचं हवं, ही तिची अट. लग्नाच्या आधी ती सूप घेऊन दारात यायची आणि म्हणायची, "तांदूळ द्या." केरळच्या नर्सबाईंनी उकडा तांदूळ दिला तेव्हा तिने कुरकुर केली, पण दुसरा घेतला नाही. "ह्याला रंग नाय. पण घर त्यांचं," म्हणाली आणि पिवळट माणसं काढून मोकळी झाली.

माणसांना ती तोंडं काढत नसे. मी एकदा कारण विचारलं. "तोंड काढलं की तो एकाचाच व्हतो गं," ती म्हणाली. चौकाच्या कडेने मात्र ती त्या त्या घरचं काहीतरी काढायची. बॉयलरवाल्यांच्या मुलाच्या लग्नात धुराडं आलं, नर्सबाईंच्या वेळी माडांची रांग. संध्याकाळी लोक भिंतीसमोर उभे राहून स्वतःला शोधायचे. एकदा चित्रातल्या एका सायकलवरून दोन फिटर हमरीतुमरीवर आले, दोघंही म्हणत ही माझीच. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "ज्याला वाटंल त्याची." दोघंही पुढे आपापल्या मुलाबाळांना तीच सायकल दाखवत राहिले.

एका लग्नाचा चौक दुसऱ्या लग्नापर्यंत राहायचा, मग ती त्यावर पुन्हा गेरू फिरवायची. बायका हळहळायच्या. तिला काही वाटत नसे. हळूहळू त्या भिंतीखाली भाज्या निवडायला बसणं सुरू झालं, मुलं तिथे अभ्यासाला बसू लागली, संपाच्या वेळच्या बैठकादेखील तिथेच झाल्या. एसटीचा कंडक्टर आमच्या थांब्याला "चित्राची कॉलनी" म्हणून ओरडायला लागला. आम्हालाही कोणी कुठून आलात विचारलं तर तेच नाव तोंडात यायचं. इतकी वर्षं गावाचं नाव सांगणारी माणसं ही!

मग माझ्या ताईचं लग्न ठरलं.

आम्ही बौद्ध. धर्मांतराच्या साली आजोबांनी देव्हाऱ्यातले देव पाताळगंगेत सोडले, ते अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणी काठावर उभं राहून पाहिलेलं. घरात बुद्धाची तसबीर होती आणि दुसरं काही नव्हतं. कॉलनीतल्या प्रत्येक लग्नात अण्णा राबायचे, पंगतीत वाढायचे, पण चौकासमोर कधी बसायचे नाहीत. कोणी कधी टोकलं नाही. ताईच्या लग्नाला हॉल मागायला गेले तेव्हा कॉलनीचे सेक्रेटरी अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमच्यात देवीबिवी नसते. म्हणजे चौक नकोच ना? उगाच तुम्हाला अडचण." अण्णा म्हणाले, "नको." दोघंही एकदम सुटल्यासारखे झाले.

ताई सुटली नाही. ती त्या भिंतीखाली मोठी झाली होती. "इतक्या जणांची लग्नं झाली, उघड्या भिंतीचं माझंच का?" ती आईला विचारत होती. "आपण इथं राहिलो ते कुठं दिसणार?" अण्णांनी ऐकलं आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. घरात त्या आठवड्यात लग्नाऐवजी दुखवटा असल्यासारखं वाटत होतं. आजी आमच्याकडे तांदूळ मागायला येणार नाही, हे आम्ही सगळ्यांनी मनोमन धरूनच टाकलं होतं.

ती आली. सूप घेऊन दारात उभी राहिली. "तांदूळ द्या."

अण्णांनी तिला आत बोलावून बसवलं. म्हणाले, "आजी, तुमच्या देवीचा मला अनादर नाही. पण माझ्या बापाने जे सोडलं ते मी पोरीच्या लग्नात परत आणणार नाही."

"ती नाय तं चौक नाय," आजी म्हणाली. "माझ्या सासूनं सांगून ठेवलंय. मधी देवी नसली तं काढणारीचा हात झडतो."

"मग राहू द्या."

ती उठली नाही. सूप मांडीवर ठेवून तिने विचारलं, "तुमच्या मांडवात कोण आसतो?" अण्णांनी तसबीर दाखवली. आजी जवळ गेली, डोळे बारीक करून बघत राहिली. "ह्यांना मी पायलं नाय. न पायलेलं मला काढता येत नाय."

"देवीला पाहिलंय?" अण्णांनी विचारलं.

"लय येळा." ती सहज म्हणाली. मग तसबिरीकडे बोट करून, "हे कुटं बसलेत?"

"पिंपळाखाली."

"झाड पायलंय," आजी म्हणाली आणि सूप पुढे केलं. आईने ते काठोकाठ भरलं.

नदीकाठच्या पिंपळाखाली आजी दोन दुपारी नुसती बसून होती, असं लोकांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने हॉलची भिंत सारवली. मधोमध पिंपळ काढला, देवीच्या जागी, तिच्याएवढाच उंच, पानंच पानं. भोवती फेर धरलेली माणसं. कडेला अण्णांच्या खात्यातले पाइप आणि आमच्या दारातली शेळी. अण्णा समोर उभे राहिले आणि तिथेच रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. ताई पांढऱ्या साडीत त्या पिंपळाखाली बसली, सगळी कॉलनी समोर बसली, आणि वंदना सुरू झाल्यावर सेक्रेटरीसुद्धा उठून उभे राहिले.

आजीचा हात झडला नाही. पण बातमी वाडीत पोचली. देवीवाचून चौक काढणारीने वाडीतल्या लग्नाच्या भिंतीला हात लावायचा नाही, असं जुन्या माणसांनी ठरवलं. तिला वाळीत टाकलं नाही, पाणी तोडलं नाही. फक्त भिंत तोडली. देवीपुढे चुकले म्हण, एवढंच त्यांचं मागणं होतं. "चुकले आसते तं म्हनले आसते," ती म्हणायची. अण्णा वाडीत गेले, दोष माझा आहे म्हणाले. तिथला एक म्हातारा नीट बोलला, चहा पाजला आणि म्हणाला, "दोष कोनाचा ते आमी इचारत नाय. देवी इचारते." अण्णा मान खाली घालून परत आले. पुढे कॉलनीत ती चौक काढत राहिली, पण वाडीत लग्न असलं की त्या दिवशी आमच्याकडे येऊन बसायची. फार वाईट वाटायचं तेव्हा तिच्याकडे बघून.

ती गेली त्याच्या थोडं आधी तिच्या नातीचं लग्न झालं, वाडीतच. मी आजीला पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. सख्ख्या नातीच्या लग्नातला चौक दुसऱ्याच बाईने काढला होता. बायका हळदीत, गाण्यात गुंतल्या होत्या, आणि आजी मांडवाच्या टोकाला एकटी बसून भिंतीकडे बघत होती. तिचं बोट मांडीवर आपोआप रेघा ओढत होतं. आई आणि मी पोचून उभ्याच होतो, कुठे बसावं कळेना. अण्णा थांबले नाहीत. लोकांमधून वाट काढत ते तिच्याजवळ गेले आणि तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले, चौकाकडे तोंड करून.

"अण्णा, तिथं देवी हाय," आजी हलकेच म्हणाली.

"दिसतेय."

"तुमी हात नका जोडू."

"नाही जोडत."

"मग कशाला बसलाव?"

"तुम्ही बसलात म्हणून," अण्णा म्हणाले.

आजीने पदर सारखा केला. अक्षता पडल्या, लोक जेवायला उठले, तरी दोघं तिथेच बसून होते.