दत्ताची पिशवी

शिरूरच्या बाह्यवळणावर नागसेनचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. माणूस हाडाचा संशयी. गिऱ्हाईक म्हणालं, "बल्ब नवाकोरा हाय," की हा बल्ब काढून उजेडाकडं धरणार. बॅटरीवाल्यावर त्याचा विश्वास नाही, सुट्या भागांच्या दुकानदारावर तर मुळीच नाही. लोक वैतागतात आणि पुन्हा त्याच्याकडंच येतात, कारण त्यानं केलेलं काम बिघडत नाही.

त्या दुपारी मच्छिंद्रशेठ आले. ट्रॅक्टरच्या मागं लालभडक रंगवलेली उसाची ट्रॉली, स्टेअरिंगवर ड्रायव्हर दत्ता.

"ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतोय, आन् मागची लाल लाईट इझतीय," शेठ म्हणाले. "काल अंधारात एक मोटारसायकलवाला मागनं घुसता घुसता वाचला." मग नागसेनला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ह्यानंच वायर तोडलीय. साडूच्या लग्नाला सुट्टी मागत व्हता, मी दिली न्हाई. गाडी हुबी राहिली की सुट्टी आपोआपच! तू फक्त तुटलेली वायर हुडकून दे, ह्याला आजच घरी पाठवतो."

नागसेननं दत्ताकडं पाहिलं. दत्ता खाली बघत होता. खाली बघणारा माणूस नागसेनला कधीच पटला नाही. शिवाय सीटला अडकवलेली त्याची रेक्झिनची पिशवी चांगलीच फुगलेली दिसत होती.

"पिशवीत काय हाय रं?"

"भाकरी हाय, भाऊ."

"दाव."

सणसवाडीच्या कंपनीत कामाला असताना वॉचमननं एकदा पाळीतल्या सगळ्या कामगारांसमोर नागसेनचीच पिशवी उपडी केली होती. सापडलं काही नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून त्यानं ते गेट पुन्हा ओलांडलं नव्हतं. ते आठवून त्याचा हात क्षणभर अडला. मग त्यानं पिशवी बाकड्यावर उलटी केली.

भाकरीचं फडकं पडलं, पाण्याची बाटली पडली, आणि चिकटपट्टीचं रीळ व हातभर काळी वायर.

"बघ! म्हनलं नव्हतं?" शेठ ओरडले.

"दुरुस्त करायला घेतली व्हती, मालक. मागनं कुनी धडकंल म्हून भ्या वाटत व्हतं," दत्ता म्हणाला. त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

नागसेन ट्रॉलीखाली शिरला. टेस्ट लॅम्प घेऊन एकेक वायर तपासत गेला. तुटलेली एकही सापडेना. करंट मागपर्यंत नीट पोचत होता, पण परत यायला वाट नव्हती. शेवटी त्यानं ट्रॉलीच्या सांगाड्यापासून थेट बॅटरीपर्यंत एक जादा वायर धरली. मागचे सगळे दिवे लख्ख पेटले.

म्हणजे अर्थिंग, करंटची परतीची वाट, गेलं होतं. या ट्रॉलीचं अर्थिंग हुकातून होतं, लोखंडाला लोखंड भिडून. नागसेननं हुकात बोट घातलं. आत टायरची पट्टी ठोकून बसवलेली होती आणि वरून ऑईलपेंटचे दोन जाड हात. लोखंड लोखंडाला भिडतच नव्हतं.

"ही पट्टी कुनी घातली?"

शेठ घुटमळले. "मीच. लय खडखड वाजत व्हतं. आन् कारखान्याचा हंगाम सुरू व्हताना मोळीपूजनाला रंग दिला तवा म्हनलं, हूक बी रंगवून टाकू."

नागसेननं ट्रॉलीपासून ट्रॅक्टरपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर ओढून दिली. दिवे नीट लागले. शेठ मोठ्यानं हसले, "हात्तिच्या! एवढंच व्हय? चल दत्ता, कारखान्यावर रांगेतला नंबर जाईल."

दत्ता भाकरी फडक्यात बांधत होता. चिकटपट्टी आणि वायर त्यानं बाकड्यावरच ठेवली, शेजारी ट्रॅक्टरची चावी ठेवली.

"आरं, लाईट लागली की आता!" शेठ म्हणाले.

"लागली, मालक. पर उद्या डिझेल कमी दिसलं, तर परत माझीच पिशवी उपडी कराल."

नागसेनला बोलायचं होतं. माफी मागायची होती. "दत्ता," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

दत्तानं मागं वळून पाहिलं. "तुमी तर बिनतपासता बल्बवर बी इस्वास ठेवत न्हाई म्हनत्यात, भाऊ. मालकाच्या सबुदावर मातर लगेच ठेवलात," तो म्हणाला, आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागला.