मिरचीचे देठ खुडताना
वाळत घातलेल्या मिरचीचा तिखट वास आला की नंदुरबारजवळच्या एका गावातलं अंगण आठवतं. समुपदेशक म्हणून मी तेव्हा अगदी नवीन होते. त्या घरातली बाळंतीण कुणाशी बोलत नव्हती, बाळाला जवळ घेत नव्हती, आणि घरच्यांनी बाधा उतरवायला भगताला बोलवायचं ठरवलं होतं. मी प्रश्न विचारू लागले, तशी तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. आमच्याकडे बायका हाताला काम असलं की मोकळं बोलायच्या, म्हणून मी प्रश्न सोडले आणि तिच्या सासूसोबत मिरच्यांचे देठ खुडत बसले. बोटं चुरचुरत होती, नाक गळत होतं. बऱ्याच वेळाने ती बाळंतीण आपणहून शेजारी येऊन बसली आणि खाली बघत म्हणाली, "ताई, पोरले हात लावाले बी माले भ्याव वाटस. मन्हा हातून काही व्हई जाई." सासूने चटकन तिला जवळ ओढलं. "मी शे ना, बेटा. सकायच दवाखानामा जाऊत." दोघी खरंच गेल्या, औषध सुरू झालं. काही महिन्यांनी मी गेले, तेव्हा ती बाळाला न्हाऊ घालत होती. "धरा ताई, हाऊ भलता लाथा मारस!" म्हणत तिने ते ओलं बाळ माझ्या हातात दिलं. अनोळखी घरात शिरताना मी आजही बिचकते, पण तिचं ते हसणं आठवतं आणि पाऊल पुढे पडतं.