गेटावरचा चौकोन

"सहज आलो होतो" असं म्हणणारा माणूस तनुजावहिनींना कधीच आवडला नाही. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे वाटीभर साखर मागायला जाणारासुद्धा ती कशाला हवी आणि घरातली कधी संपली, याची उत्तरं तयार ठेवून जातो. यात वहिनींचा दोष नाही. बावीस वर्षं त्यांनी हवालदाराशी संसार केला. साहेबराव जेवता जेवता ठाण्यातल्या चौकशा सांगायचे आणि भाजी वाढता वाढता वहिनी शिकायच्या. संशयिताला उजेडाकडं तोंड करून बसवायचं. प्रश्न विचारून गप्प राहायचं, समोरचा आपणहून बोलतो. आणि चहा द्यायचा तो कबुलीनंतर.

हे शिक्षण कामाला यायचं. कचरू दूधवाल्यानं एकदा वहिनींच्या त्या गप्प राहण्यापुढं दुधात पाणी घातल्याचं तर कबूल केलंच, वर ते कुणाच्या बोअरचं हेही सांगून टाकलं.

आठ महिन्यांपूर्वी साहेबराव एका साक्षीदाराला समन्स द्यायला बिडकीनला गेले. परत येताना एका टेम्पोनं त्यांची मोटारसायकल उडवली. सगळं ठाणं आलं, सलामी झाली. तेराव्याला ती मंडळी पुन्हा आली, तेव्हा वहिनी दारातच म्हणाल्या, "उगी कीव करायला कुणी येऊ नका. काम असंल तरच या." वर्दीतली माणसं हुकूम पाळतात. नंतर कुणी आलं नाही.

मग एका सकाळी, नळाला पाणी आलं म्हणून सगळी गल्ली बाहेर असताना, कुणीतरी हंडा भरता भरता बोललं, "शहरातला हवालदार, हद्द सोडून बिडकीनला काय करत होता म्हणे?" बोलणारा हंडा घेऊन घरी गेला. ते वाक्य मात्र वहिनींच्या घरी येऊन राहिलं.

आणि गेल्या महिन्यात वहिनी भाजी घेऊन परततात, तर गेटाच्या खांबावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला! गस्तीवरचे शिपाई खरंच फिरले की टपरीवर बसले, हे कळावं म्हणून ठाणं ठरावीक ठिकाणी असे क्यूआर कोड लावतं. मोबाइलनं ते स्कॅन केल्याशिवाय फेरीची नोंद होत नाही. वहिनींना हे पाठ होतं. कोड कुठं लावतात, तेही पाठ होतं. बँकेला, सराफाच्या दुकानाला, नाहीतर ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्या घराला. वहिनींच्या घरात बँक नव्हती. सराफाचं दुकान म्हणावं, तर कपाटात दोन पाटल्या. उरलं काय?

शेजारच्या अख्तरीभाभींनी कुंपणावरून विचारलं, "अगे तनुजा, तेरे गेट पे क्या चिपका के गये ये लोगां?"

"लाइटबिलाचं काहीतरी असंल."

"मीटर उधर, चिपकाये इधर? तेरेकू झूठ बोलना नईं आता, तनुजा."

वहिनी खिडकीत बसायला लागल्या. सकाळी अकरा दहाला आणि संध्याकाळी पाचला मोटारसायकल यायची, शिपाई स्कॅन करायचा, खिडकीकडं एकदा बघायचा आणि जायचा. खिडकीकडं का बघतो? वहिनींनी साहेबरावांची वर्दी काढून सगळे खिसे तपासले. एक बडीशेपेची पुडी निघाली. पुरावा म्हणून तिचा काही उपयोग नव्हता, तरी त्यांनी ती होती त्याच खिशात परत ठेवली.

मग त्यांनी सापळा लावला. बरोबर अकरा वाजता खांबावर ओली चादर वाळत घातली.

बेल वाजली. दारात तौफिक, साहेबरावांच्या हाताखाली तयार झालेला शिपाई. "भाभी, ती चादर जरा..."

"आत ये. बस."

खिडकीसमोरची खुर्ची बघूनच तौफिकला अंदाज आला. "भाभी, ऊन डोळ्यात येतंय."

"येऊ दे. तो चौकोन माझ्या दारात कशापायी?"

"गस्तीचा आहे. नेहमीचंच."

वहिनी गप्प. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"म्हणजे... वरूनच आलंय तसं."

वहिनी गप्पच.

"भाभी, हे नका ना करू! हे साहेबरावदादांनी आम्हालाच शिकवलंय."

"मग लवकर बोल. बिडकीनचं काय निघालंय? त्यांच्यावर चौकशी लागलीय?"

तौफिक उठून उभाच राहिला. "दादांवर? कोण म्हणालं? अहो, समन्स मिळाल्याची साक्षीदाराची सही दादांच्या खिशातच सापडली. काम पुरं करून निघाले होते ते. तो कागद ठाण्यात आहे, उद्या डोळ्यांनी बघा."

"मग हे?"

"तुम्हीच म्हणालात, काम असंल तरच या. आम्ही काम काढलं. ठाण्याच्या मोठ्या साहेबांकडून मंजुरी घेतली. आता दिवसातून दोनदा यावंच लागतं, नाही आलो तर आमचीच झाडाझडती. खिडकीत तुम्ही दिसलात की पुढं जातो."

वहिनींनी एवढ्यावर विश्वास ठेवला असता, तर साहेबरावांची बावीस वर्षं फुकट गेली असती. त्या गेटापाशी गेल्या आणि चादर ओढली. "कर स्कॅन. दाखव."

मोबाइलवर तारीख आली, वेळ आली आणि खाली ठिकाणाचं नाव आलं: साहेबराव पॉइंट.

वहिनींनी मोबाइल लांब धरून वाचला. मग जवळ धरून वाचला. पदरानं पडदा पुसला. पडदा स्वच्छच होता.

"अख्तरी! ये इकडं. वाच हे. मोठ्यानं."

"साहेबराव पॉइंट," भाभींनी वाचलं.

"अजून मोठ्यानं. नळापर्यंत गेलं पाहिजे."

भाभींचा आवाज गल्लीत मशहूर आहे. नळापर्यंत गेलं, पुढच्या चौकापर्यंतही गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी तौफिक अकरा पन्नासला उगवला. वहिनी गेटातच उभ्या.

"चाळीस मिनिटं. कुठं होतास?"

"भाभी, चौकात एक भांडण..."

"कुणाचं? कशावरून?"

"सांगतो ना, आधी स्कॅन..."

"ते कर आणि आत ये. खुर्ची सावलीत ओढलीय. चहा ओतलाय, गार व्हायच्या आत पी. मग सांग."