महादेवरावांची बोहनी

देवळीचे कापडवाले महादेवराव आधी उखडलेच. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीला, आचलला, व्हिडिओ गेमचा नवा छोटा भाग घ्यायचा होता.

"दोन घंट्यात संपते, तं घेऊन राह्यली काऊन?"

"तुमच्यासोबत खेळता येते, बाबा."

मग त्यांनीच घेऊन दिला. आता रोज सकाळी, दुकान उघडण्याआधी, बापलेक आपापल्या गावातून खेळतात. गेममधल्या बाजारात महादेवराव प्रत्येक दुकानातून काहीतरी घेतातच.

"बाबा, पळा! राक्षस येऊन राह्यला!"

"येऊ दे. या बिचाऱ्याची बोहनी नाई झाली अजून."

दिवाळी गेली, तरी खेळ बाजारातच.

"बाबा, आज संपवूनच टाकू."

महादेवराव आणखी एका दुकानात शिरले.

"मंग उद्या सकाळी येशील काय तू?"